हुणसवाडीला जिल्हा न्हाई

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. मधी कुणी बोललं की जास्तच येतो. तवा गप ऐका.

आमची हुणसवाडी बेचाळीस घरांची. कानडीत हुणसे म्हणजे चिंच, आणि चिंचेची झाडं आमच्याकडं माणसांपेक्षा जास्त. मी रत्नम्मा. आमचे मालक गुरुपादप्पा. गावात किराण्याचं एकच दुकान, ते आमचं. मालक तराजू धरायचे आणि मी जुन्या पेपरच्या पिशव्या चिकटवायची. त्याला कणकेची खळ लागते, ती रोज सकाळी चुलीवर शिजवायची. तीस वर्षं चिकटवून राहिले मी. माझी पिशवी फाटंल, पण उकलणार न्हाई.

ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला. हद्दीची रेघ ओढता ओढता आमची वाडी नेमकी रेघेखाली आली. साहेबलोक तसे भले. त्यांनी जबरदस्ती केली न्हाई, एक कागद पाठवला: नांदेड का लातूर, गावानं ठरवून एका ओळीत लिहून द्यावं. दुसरं गाव असतं तर पारावर हात वर करून अर्ध्या घंट्यात मोकळं झालं असतं. पण आमच्याकडं शेषेराव पाटील.

पाटील लई इमानी माणूस. इतका इमानी की जवळ बसवत न्हाई. "जेवलात का पाटील?" विचारलं तर म्हणतात, "अर्धी भाकर ताटात राहिली, तवा जेवलो म्हणता यायचं न्हाई." त्यांनी कागद वाचला, कपाळाला लावला आणि म्हणले, "गाव महादेवाचं. आपण कोण ठरवणार? कौल लावू."

आमच्याकडं लग्न जुळवायचं असो, विहीर खांदायची असो, महादेवाला कौल लावतात. पिंडीवर अकरा घागरी पाणी ओतायचं आणि ओल्या पिंडीला दोन पाकळ्या चिकटवायच्या. जी आधी पडंल ते देवाचं म्हणणं. कुंकू लावलेली पाकळी नांदेडची आणि हळद लावलेली लातूरची, असं विरूपाक्ष स्वामींनी सगळ्यांसमोर ठरवलं. स्वामी आमचे पुजारी. पाकळ्या आमच्याच परड्यातल्या कन्हेरीच्या, म्हणून आदल्या दिवशी त्या तबकात घालून आमच्याच घरी ठेवल्या.

आता मला नांदेड पायजे होतं. का म्हणाल तर माझी बहीण नागुबाई नांदेडात राहते. कचेरीचं काम निघालं की दोन दिवस तिच्याकडं पाय पसरून बसायचं, गोदावरीवर जाऊन यायचं. आणि लातुरात कोण? मालकांच्या तीन बहिणी. तिथं गेलं की भाजीत मीठ कमी का जास्त, याचा पंचनामा ठरलेला. कागदावर एक शिक्का मारायला जायचं आणि तीन नणंदांच्या हातचे शिक्के खाऊन यायचं, हे मला परवडणारं नव्हतं.

म्हणून मी दुपारी मालक आडवे झाल्यावर हळदीच्या पाकळीला मागून बोटभर खळ लावली आणि वाळू दिली. ओली झाली की धरंल, हे मला ठाऊक. लातूर चिकटून बसलं की नांदेड आपसूक पडंल. हे माझं पाप. झाकून काय करू?

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. स्वामींनी अकरा घागरी ओतल्या, पाकळ्या लावल्या. घंटाभर झाला. दोन घंटे झाले. दुपार टळली, पोरं रडकुंडीला आली, तरी एकही पाकळी पडंना. हळदीची पडायची न्हाई हे मला ठाऊक होतं, पण कुंकवाची का पडंना? तिला तर मी बोट लावलं नव्हतं. मनात म्हणलं, रत्नम्मा, देवानं तुझी चोरी पकडली. तू एक धरलीस, दुसरी त्यानं स्वतः धरली.

आठ दिवस झाले, पाकळ्या सुकल्या, पण जागच्या हलल्या न्हाईत. तवा पाटलांनी त्या कागदावर लिहिलं: "देवाने अद्याप कौल दिलेला नाही. देताच कळवू." आणि सही ठोकून दिला पाठवून. आता देवाच्या पुढं कोणती कचेरी जाईल? तो कागद तसाच राहिला. नांदेडच्या यादीतून आमचं नाव निघालं, कारण आमचा विचार चालू होता. लातूरच्या यादीत आलं न्हाई, कारण आमचा विचार चालू होता.

त्यात स्वामींनी आणखी एक खुट्टी मारली. म्हणले, कौल चालू असताना अभिषेक करायचा न्हाई. पाण्याच्या जोरानं पाकळी पडली तर ती पाण्याची इच्छा, देवाची न्हाई. आणि हा कौल मिटल्याबगर दुसरा लावता येत न्हाई. झालं, त्या दिवसापासून महादेवाची आंघोळ बंद.

पहिली दोन-अडीच वर्षं गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. एकदा शेळ्या चोरणारा एक गडी सापडला. पाटलांनी दोन्हीकडं निरोप धाडला. दोन्हीकडून विचारणा आली, "गुन्हा कोणत्या जिल्ह्यात घडला?" पाटील खरं तेच बोलणार: "ठरायचंय." तो चोर चार दिवस आमच्या ओट्यावर बसून होता. दोन वेळा जेवायचा, मालकांशी सोंगट्या खेळायचा. शेवटी तोच कंटाळला आणि पाटलांना विचारून घरी गेला. लग्नाच्या पत्रिका छापायला गेलं की छापखानेवाला विचारायचा, जिल्हा? तिथं टिंबं टिंबं द्यायची. पत्रिका वाचून एका सोयऱ्यानं विचारलं, गाव बुडालं का काय?

मग शहाऐंशीचा उन्हाळा आला. त्याच्या आधीचा पाऊस पडलाच न्हाई म्हणा. गावच्या विहिरीत कंबरभर पाणी, मग गुडघाभर, मग वाटीनं खरवडायचं. लोक म्हणायला लागले, देवाला चार वर्षं आंघोळ न्हाई, तो आपल्याला कशाला पाणी देईल? मला तर कुणी पाणी म्हणलं तरी धस्स व्हायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि त्यातच माझी लेक शिवम्मा बाळंतपणाला आलेली. पहिलटकरीण. चैत्राच्या शेवटी मुलगी झाली, गुटगुटीत, मालकांसारख्या कानांची. बाळंतिणीला पाणी किती लागतं, बायांना विचारा. अंगावरचं दूध पाण्यानं येतं, बोलण्यानं न्हाई. तिचं सासर देगलूरकडं, रस्ता सगळा फुफाट्याचा, आणि बारा दिवसांच्या लेकराला त्या उन्हात बैलगाडीत घालायचं म्हणजे जीवाशी खेळ. म्हणजे पाणी गावातच यायला पायजे होतं. मला दुसरं काही नको होतं, ना नांदेड ना लातूर. शिवम्माला आणि त्या पोरीला पाणी, बस.

पाणी काही लांब न्हवतं, हीच तर चीड. गावापासून कोसभर फाटा, आणि फाट्यावर दोन टँकर उभे. एकावर नांदेड लिहिलेलं, एकावर लातूर. दोन्ही काठोकाठ भरलेले. त्यांच्यामधी खुर्ची टाकून टँकरचे साहेब बसायचे. तरणा माणूस, स्वभावानं गरीब. आम्हाला बघितलं की त्याचाच चेहरा पडायचा. म्हणायचा, "पाटील, एक ओळ द्या. नांदेड लिहा, हा टँकर सोडतो. लातूर लिहा, तो सोडतो. जिल्ह्याशिवाय सोडला तर माझी नोकरी जाईल." पाटील म्हणायचे, "साहेब, तुमचं बरोबर हाय. पण देव बोलला न्हाई आणि मी बोलला म्हणून कसं लिहू?" मग दोघं एकमेकाला नमस्कार करायचे आणि आम्ही रिकाम्या घागरी घेऊन परत.

मी नांदेडला नागुबाईकडं गेले. म्हणलं, इकडं काही ओळख निघते का बघू. तिच्या शेजारी रेणुकादास सर राहायचे. एका कॉलेजात कायदा शिकवून रिटायर झालेले, घरात माणसं कमी आणि पुस्तकं जास्त. मी आपलं रडगाणं गात होते, तर ते दारात येऊन उभेच राहिले. म्हणले, "बाई, परत सांगा. कुठल्याच जिल्ह्याचं नाही? कायद्यानं?" मी म्हणलं, हाव. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीस वर्षं मी हा विषय शिकवला," म्हणले, "पण असा माणूस प्रत्यक्ष बघितला नव्हता. बसा. चहा घ्या." बहिणीच्या घरात मलाच बसा म्हणतो बाबा.

दुसऱ्या दिवशी छत्री आणि पुस्तकांची पिशवी घेऊन सर माझ्याबरोबर एसटीनं आले. कोरड्या विहिरीच्या कठड्यावर गाव जमवलं आणि सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर म्हणे मोठमोठी राज्यं फुटली, आणि लाखो माणसं अशी राहिली की त्यांना कोणताच देश आपलं म्हणंना. रशियातून पळालेल्यांचं नागरिकत्व तिथल्या सरकारनं काढूनच घेतलं. मग नॅन्सेन नावाचा एक भला माणूस निघाला. बर्फाच्या मुलखात फिरलेला. त्याच्या नावानं बावीस साली एक दाखला सुरू झाला: ह्या माणसाला देश नाही, तरी ह्याला येऊ-जाऊ द्या. मग तीस साली हेग गावात देशांची बैठक बसली. अठ्ठेचाळीस साली जगानं मिळून जाहीर केलं की प्रत्येक माणसाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. चौपन्नला देश नसलेल्या माणसांसाठी एक करार झाला, एकसष्टला दुसरा.

"त्यात पाण्याचं काही हाय का?" मालकांनी विचारलं.

"अप्रत्यक्षपणे," सर म्हणले.

सर माणूस चांगला, पण त्यांचा आनंद मला बघवत नव्हता. आमच्या घरी येऊन त्यांनी शिवम्माच्या लेकराकडं बघितलं आणि हात जोडले. म्हणले, "ही तर जन्मतःच! हिचं प्रकरण सर्वात शुद्ध आहे." मी म्हणलं, "सर, ती पोरगी हाय, प्रकरण न्हाई. आणि तिच्या आईला दुपारपासून घोटभर पाणी मिळालं न्हाई." सर ओशाळले. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, ती काढून दिली. तवापासून मी त्यांना जरा कमी बोलायला लागले.

सरांनी मग वहीच्या कागदावर गावाचा दाखला लिहिला: "हे गाव कोणत्याही जिल्ह्याचे नाही, तरी यास पाणी द्यावे." पाटलांनी तो दोनदा वाचला आणि झटक्यात सही केली. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्यापुढं धडधडीत खरा कागद ठेवला होता. साहेबानंही वाचला. म्हणला, "अगदी बरोबर आहे. पण कुठल्याच जिल्ह्याच्या नसलेल्या गावाला मी कुठल्या जिल्ह्याचा टँकर देऊ?" सर म्हणले, हा प्रश्न करारांच्या वेळी जिनिव्हातही पडला होता.

मग सरांनी दुसरी युक्ती काढली. एकसष्टच्या करारात एक कलम हाय म्हणे. एखाद्या देशात टाकून दिलेलं लेकरू सापडलं आणि त्याचे मायबाप कळत नसले, तर ते तिथलंच धरायचं. "आपण गावानं सापडायचं," सर म्हणले. "सगळ्यांनी लातूरच्या हद्दीत जाऊन बसायचं. साहेब येतील, विचारतील तुम्ही कोण. टाकलेलं लेकरू बोलत नसतं. कुणी बोलायचं नाही."

काय सांगू तुम्हाला. बुडत्याला काडीचा आधार. दीडशे माणसं सकाळच्या उन्हात फाट्याच्या मावळतीला, लातूरच्या बाजूच्या लिंबाखाली जाऊन सापडायला बसली. म्हातारे, तरणे, स्वामी भस्म लावून, आमचे मालक टोपी घालून. शिवम्माला मी घरी ठेवलं होतं. साहेब खुर्चीवरून उठून आला, म्हणला, "काय झालं? कोण मेलं का?" कुणी बोलंना. "पाटील, तुम्ही तरी बोला." पाटलांचा चेहरा लाल झाला. खोटं बोलता येईना आणि गप बसणंही त्यांना खोटंच वाटायला लागलं. शेवटी म्हणले, "साहेब, आम्ही सापडलो हाव."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

साहेबानं डोक्याला हात लावला. सरांनी पुढं होऊन कलम वाचून दाखवलं. साहेब ऐकून घेतो सगळं, तो गुण त्याच्यात होता. म्हणला, "सर, टाकलेलं लेकरू म्हणता. पाटलांचं वय काय?" पाटील लगेच म्हणले, "सदुसष्ट. श्रावणात अडुसष्ट." सर म्हणले, कलमात वय दिलेलं नाही. साहेबानं विचारलं, "आणि ह्या करारावर आपल्या देशाची सही आहे का?"

सरांनी पुस्तक मिटलं. मग चष्मा पुसत म्हणले, "नाही. दोन्हींवर नाही." आणि तिथंच मातीत खाली बसले. मला त्यांचा कधी न्हाई तो कळवळा आला. आयुष्यभर जे पुस्तक उराशी धरलं, ते नेमकं आमच्याच फाट्यावर येऊन थांबलं.

जाताना साहेब पाटलांना म्हणला, "उद्या संध्याकाळपर्यंतच टँकर ठेवू शकतो. पलीकडं एकवीस गावं वाट बघत आहेत. माझे हात बांधलेले आहेत, पाटील. एक ओळ."

दुसऱ्या दिवशी विहिरीतून चिखल निघाला. शिवम्माचं दूध आटलं. पोरगी रडायची, आणि मग रडायचीही थांबली, ते जास्त वाईट. शिवम्मा माझ्याकडं बघून राहिली होती. घरात एक तांब्याभर पाणी होतं, बाळासाठी राखलेलं. मी दुपारी ते घ्यायला गेले, तर तांब्या जागेवर न्हाई.

माझ्या डोक्यात एकच आलं. म्हणलं, जाऊन देवापुढं नाक घासते आणि ती हळदीची पाकळी हातानं ओरबाडून काढते. नरकात गेले तर गेले, पोरीला पाणी तरी मिळंल. अनवाणी धावत देवळात गेले. आत आमचे मालक उभे. हातात तोच तांब्या.

"तुम्ही इथं काय करून राहिलात?" मी म्हणलं. "लेकराचं पाणी हाय ते."

मालक चोरी पकडल्यागत हादरले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. म्हणले, "रत्ने, माझ्याकडून पाप झालं. कौलाच्या आदल्या दिवशी तू पाणवठ्यावर गेली होतीस, तवा मी कुंकवाच्या पाकळीला डिंक लावला. नांदेड पडू नये म्हणून. माझा सगळा माल लातूरच्या पेठेतला, मला वाटलं सोयीचं होईल. पण हळदीची देवानं धरून ठेवली. चार वर्षं मला झोप न्हाई."

मला आधी काही कळंना, मग एकदम सगळं कळलं.

"ती देवानं न्हाई धरली," मी म्हणलं. "ती माझ्या खळीनं धरली."

चार वर्षं एका ताटात जेवलो, एका छपराखाली झोपलो, आणि दोघंही मनातल्या मनात देवाला घाबरून मेलो. देव बिचारा दोन्ही गालांना चिकटवलेला, तो बोलणार कसा?

आणि खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते, त्यातही आम्ही भांडलो. मालक म्हणले, आता कुंकवाची काढू या, नांदेड तर नांदेड, तुला बरं वाटंल. मी म्हणलं, उपकार नकोत, लातूरची काढा. ते म्हणले, न्हाई, तुझंच. मी म्हणलं, आता मोठेपणा सुचतोय, तिकडं पोर सुकून चालली. त्यांच्या हातातला तांब्या मी हिसकावला, निम्मं पाणी पिंडीवर ओतलं आणि डोळे मिटून उभी राहिले. खळ ती खळ आणि डिंक तो डिंक. पाणी लागलं तशी माझी पाकळी सुटली आणि खाली आली. लातूर.

उरलेलं पाणी मालकांनी पळत घरी नेलं आणि मी पाटलांच्या दारात जाऊन बोंब मारली, "कौल झाला!" पाटील आले, हळदीची पाकळी खाली पडलेली बघितली. डोळे भरून आले त्यांचे. चार वर्षांनी ती ओळ लिहिली: हुणसवाडी, जिल्हा लातूर. तासाभरात टँकर गावात. बाया घागरी घेऊन धावल्या, तोटी सुटली.

पण पाटील ते पाटील. म्हणले, "आधी देवाला. चार वर्षांची आंघोळ बाकी हाय. अकरा घागरी त्याला, मग आपल्याला." लोकांचे घसे कोरडे, तरी ऐकलं. मी दाराशी उभी. पहिली घागर, दुसरी, तिसरी. डिंकाला तेवढं बस होतं. चौथ्या घागरीला कुंकवाची पाकळी सुटली आणि सगळ्यांसमोर खाली गेली.

पाटलांनी ती उचलली. दोन्ही पाकळ्या तळहातावर ठेवून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणले, "ही पाण्यानं पडली, आणि पहिली पडली तवाही पिंड ओलीच होती. पाण्यानं पडली ती पाण्याची इच्छा. कौल रीतीनं झाला न्हाई. माझा कागद खोटा ठरतो. स्वामी, तोटी बंद करायला सांगा. रीतीनं परत लावू. देव बोलंल तवा बोलंल."

स्वामी निघालेच. बाहेर बायांच्या घागरी अर्ध्या भरलेल्या, आणि त्यांच्यात माझी शिवम्मा. बाळंतीण, अंगात ताप, पदराखाली लेकरू, आणि तिचा नंबर आता येणार होता.

"थांबा," मी म्हणलं. "देवाला आपण विचारलंच न्हाई कधी. दोन्ही पाकळ्या मीच चिकटवल्या होत्या."

"न्हाई," मागून मालक म्हणले. "एक माझी."

मग सगळं सांगितलं. खळ, डिंक, नणंदा, पेठ. बाहेर तोटी चालूच होती. मला वाटलं कुणी पायरीवरची चप्पल आणंल. कुणी आणली न्हाई. स्वामी नुसते म्हणले, "ह्या दोघांपायी चार वर्षं मी देवाला कोरडं ठेवलं." ते मला चपलेपेक्षा जास्त लागलं.

पाटलांनी दोन्ही पाकळ्या पिंडीपुढं ठेवल्या. मग उठून म्हणले, "म्हणजे जी देवाची गोष्ट न्हवती ती आपण देवावर घातली. बोला, माणसं काय म्हणतात." एकेका घराला विचारलं. एकेचाळीस घरं. तोटी लातूरची सुटली होती, सगळी लातूर म्हणली. पाटलांनी कुटुंबांची यादी केली, ती साहेबाला द्यायची होती. आमच्यापाशी आले तवा मी तोंड उघडलं. पाटलांनी हात वर केला.

"तुम्हा दोघांचं मत गावानं चार वर्षं ऐकलं," म्हणले. "आता न्हाई विचारत. आणि जे सांगितलं न्हाई ते मी लिहू शकत न्हाई." आमचा रकाना कोरा ठेवून ते पुढं गेले.

रेणुकादास सर कोपऱ्यात उभे होते. ते पुढं आले. ह्या वेळी पुस्तक हातात न्हवतं. "पाटील," म्हणले, "मोठ्यांचं काहीही करा. पण लेकराला कोरं सोडू नका. जगात कुणी कितीही भांडलं तरी शेवटी एवढंच ठरलं आहे, की कुणाचंच नसलेलं लेकरू जिथं जन्मलं तिथलं धरायचं."

पाटील म्हणले, "लेकराचा काय गुन्हा," आणि शिवम्माचं आणि त्या पोरीचं नाव स्वतःच्या घराखाली लिहिलं. जिल्हा लातूर. खालून सही.

टँकर आता एक दिवसाआड येतो. यादी वाचून पाणी देतात, एका घराला चार घागरी. आमचं नाव यादीत न्हाई, म्हणून आम्ही दोघं ओट्यावर बसून बघतो. मालक टोपी घालून बसतात, कुणी बोलावंल म्हणून. कुणी वाईट बोलत न्हाई. दुकानालाही लोक येतात, मीठ-मिरची घेतात, मी पिशवी देते. माझी पिशवी उलटी करून बघतात तेवढं.

पहिल्या दिवशी शिवम्मा पाटलांच्या घरच्या नावानं चार घागरी घेऊन निघाली, आणि दोन आमच्या उंबऱ्यात आणून ठेवल्या. टँकरवाल्यानं हटकलं, "ओ ताई, ते घर यादीत न्हाई. कुणाला देऊन राहिलात?"

शिवम्मा थांबली. माझ्याकडं बघितलं. मग त्याला म्हणली, "माझ्याकडं पाहुणे आलेत."

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत न्हाईत. तिला मूल झालंय. मी तांब्या भरून घेतला.